रिकामी गाडी जाते कुठे? नाशिक टॅक्सी प्रोजेक्टच्या नोंदी

२ जुलै २०२५, बुधवार

विषय एकदाचा फायनल झाला. फॉर्मवर मॅडमनी लिहिलंय "शहरातील टॅक्सी सेवेची वेळ व विभागनिहाय कार्यक्षमता", पण आम्ही दोघी आपसात त्याला रिकामी गाडी प्रोजेक्टच म्हणतोय. पहिल्याच मीटिंगला वाद झाला की कार्यक्षमता मोजायची कशानं. पार्टनर म्हणते दिवसाला ट्रिपा किती, मी म्हणते तासाला रुपये किती, मॅडम म्हणाल्या दोन्ही सोडा, गाडी रस्त्यावर असते त्यातला किती वेळ आत पॅसेंजर असतो ते काढा, जगभर तेच काढतात. मीटर पडलेला वेळ भागिले एकूण वेळ. नाशकात मीटर पडतच नाही हा वेगळा विषय.

सुरुवात न्यूयॉर्कच्या डेटावर करायची ठरली कारण तो फुकट आहे आणि सगळे तोच वापरतात. तिथल्या टॅक्सी कमिशनकडून २००९ पासूनच्या पिवळ्या टॅक्सींच्या ट्रिपा मिळतात, महिन्याला एक फाईल, आता पार्के फॉरमॅटमध्ये. नेहमीच्या पांडाज या पायथन लायब्ररीत उघडली असती तर माझा लॅपटॉप बसलाच असता म्हणून डकडीबी हा डेटाबेस टाकला आणि एकदम मस्त पळाला. कुठे बसले, कुठे उतरले, किती वाजता, किती मैल, भाडं, टिप, सगळं आहे. तासानुसार चार्ट तर दहा मिनिटांत निघाले.

आणि मग लक्षात आलं की यात गाडीचा नंबरच नाही. म्हणजे ट्रिप आहे पण ती कुठल्या गाडीची ते नाही, त्यामुळे एक पॅसेंजर उतरवल्यावर त्या गाडीचं पुढे काय झालं, दोन मिनिटांत दुसरं भाडं मिळालं की तासभर भटकली, हे कळायला मार्गच नाही. फक्त भरलेल्या गाड्यांचा डेटा आहे हा. आम्हाला तर रिकामी बघायचीय.

५ जुलै, शनिवार

नंबर का नाही याच्या मागे लागले तर भारी गोष्ट सापडली. आधी होता. २०१३ चा पूर्ण वर्षाचा डेटा, सतरा कोटींच्या वर ट्रिपा, २०१४ मध्ये एकानं तिकडच्या माहिती अधिकारात अर्ज करून मिळवला आणि नेटवर टाकला. त्यात गाडीचा आणि ड्रायव्हरचा लायसन्स नंबर हॅश करून दिलेला, म्हणजे ओळखू येऊ नये असा. पण तिथल्या गाडीच्या नंबरांचे फॉरमॅट मोजकेच, त्यामुळे होऊ शकतील तेवढे सगळे नंबर हॅश करून बघितले की कुठला कोणाचा ते सरळ जुळतं. कोणीतरी ते लगेच करून दाखवलं. मग कुठला ड्रायव्हर किती वाजता कुठे होता आणि त्यानं वर्षाला किती कमावले, सगळंच उघडं. त्यानंतर कमिशन जो डेटा काढतं त्यात नंबर नाही, आणि २०१६ च्या मधून तर नेमकं लोकेशन पण गेलं, नुसता झोन नंबर येतो.

जुन्या फाईली अजून फिरतात म्हणे. मॅडमना विचारलं, त्या नाहीच म्हणाल्या, ज्यात माणसं ओळखता येतात तो डेटा कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये नको. पटलं. माझे मामा टॅक्सी चालवतात, त्यांचं रोजचं उत्पन्न कोणी असं नेटवर टाकलं असतं तर मामींनी काय केलं असतं याचा विचार करून अजूनच पटलं.

तर न्यूयॉर्क बाजूला, शिकागो घेतोय.

९ जुलै, बुधवार

शिकागो महापालिकेचा टॅक्सी डेटा २०१३ पासूनचा आहे, २०१६ मध्ये खुला केला. यांनी हुशारी केली. प्रत्येक गाडीला एक खोटा आयडी दिला जो कायम तोच राहतो, म्हणजे गाडीच्या ट्रिपा एकामागे एक लावता येतात, पण त्याबदल्यात वेळ पंधरा मिनिटांना राउंड केली आणि जिथे ट्रिपा फार कमी तिथे छोटा विभाग लपवून टाकला. मोठा विभाग मात्र बऱ्याचदा मिळतो. शहराचे असे ७७ विभाग आहेत.

राउंडिंगमुळे मजा होते. एक ट्रिप सव्वादहाला संपली आणि पुढची पण सव्वादहालाच सुरू झाली असं दिसतं, मध्ये खरं दहा मिनिटं गेली असली तरी. म्हणून प्रत्येक मधला वेळ वेगळा न बघता पूर्ण शिफ्टचा हिशोब करायचा, ट्रिपचे सेकंद वेगळ्या कॉलममध्ये नीट दिलेत ते सगळे बेरजेला घ्यायचे आणि पहिल्या पिकअपपासून शेवटच्या ड्रॉपपर्यंतच्या वेळेनं भागायचं. शिफ्ट कुठे संपली म्हणायचं याच्यावर अर्धा दिवस गेला. दोन तासांच्या वर गॅप असेल तर गाडी घरी गेली असं धरलंय. शिवाय एकच गाडी दिवसा एक जण आणि रात्री दुसरा चालवतो असंही असतं, आयडी गाडीचा आहे, माणसाचा नाही, त्यामुळे "ड्रायव्हर किती तास काम करतो" असलं काही यातून काढायचं नाही हे वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

बघण्यासारखं काय तर ओ'हेअर विमानतळ, विभाग नंबर ७६. ट्रिपचे पैसे बघितले तर सगळ्यात भारी तिथलेच, शहरापासून लांब आहे ना. पण तिथे टॅक्सी सरळ टर्मिनलला लागत नाही, आधी एका मोठ्या आवारात रांगेत उभं राहायचं, नंबर आला की सोडतात. नुसत्या ट्रिपच्या डेटात ही रांग कुठेच दिसत नाही, ट्रिपा एकामागे एक लावल्या की मग दिसते. डाउनटाउनमधली भाडी त्यामानानं चिल्लर, पण सोडलं की तिथेच दुसरं भाडं उभं.

पार्टनर म्हणाली हे तर आपलं नाशिकरोड स्टेशन आहे. इथून पुढे नाशिक.

१३ जुलै, रविवार

आपल्याकडे असा खुला डेटा नाही म्हणून मामांना पकडलं. मामा टूरिस्ट परमिटची गाडी चालवतात, थोडं ॲपवर, थोडं ओळखीच्या पार्ट्यांचं, सीझनला शिर्डी-त्र्यंबक. राहायला इंदिरानगर. डायरी लिहा म्हटलं तर हसले, अगं गाडी चालवू का लिहीत बसू. मग ठरलं व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट. पॅसेंजर बसला की एक, उतरला की एक, गाडी उभी करून. मेसेजची वेळ आपोआप लागते, मला फक्त ऐकून शीटमध्ये भरायचं. घरून निघताना आणि परत आल्यावर किलोमीटरच्या काट्याचा फोटो.

निमाणीच्या स्टँडवरचे एक रिक्षावाले अण्णा पण तयार झाले, मामांचे दोस्त. त्यांचं शेअर रिक्षाचं काम, त्यांना प्रत्येक सीटला नोट टाकायला सांगणं म्हणजे अत्याचार, म्हणून ते फक्त "भरून निघालो" आणि "खाली केलं" एवढंच बोलतात.

विभाग कसे पाडायचे? महापालिकेचे प्रभाग घेऊन काही अर्थ नाही, कुठलाच ड्रायव्हर प्रभाग क्रमांकात विचार करत नाही. मामा आणि अण्णांना समोरासमोर बसवून विचारलं की तुमच्या डोक्यात गावाचे तुकडे कसे आहेत. तर निघाले ते असे: सीबीएस-शालिमार-मेन रोड हे एक. पंचवटी-निमाणी-रामकुंड एक, आडगाव नाक्याच्या पुढे हायवेला लागलं की वेगळं. कॉलेज रोड-गंगापूर रोड एक. सातपूर एमआयडीसी आणि अंबड एमआयडीसी दोन वेगळ्या, कारण अंबडला सिडको चिकटलेलं आहे, रिकामं निघालं तरी सिडकोत काहीतरी मिळतं. इंदिरानगर-पाथर्डी फाटा. द्वारका-मुंबई नाका. नाशिकरोड. देवळाली कॅम्प-भगूर. ओझर विमानतळ. आणि त्र्यंबक.

द्वारका वेगळी का, तर तिथल्या ट्रॅफिकमुळे अण्णांच्या भाषेत तो विभाग नाही, शिक्षा आहे.

१८ जुलै, शुक्रवार

पहिला आठवडा शीटमध्ये आला. काही नोट्समध्ये नुसता हॉर्न आणि "हा सुटलो" एवढंच ऐकू येतं, त्या फोन करून विचारून भरल्या.

सकाळचं चित्र आम्हाला वाटलं होतं त्याच्यापेक्षा वेगळंच. पंचवटी एक्स्प्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडवरून सुटते, त्यासाठी गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको सगळीकडून लोक सहा-सव्वासहाला निघतात. भाडं चांगलं, रस्ता मोकळा, द्वारका पण एका दमात पार होते. तासाला रुपये काढले तर दिवसातली सगळ्यात भारी ट्रिप वाटते. पण सातला सगळ्या गाड्या नाशिकरोडला उतरतात आणि त्या वेळी तिथून गावात यायला पॅसेंजर मोजका, म्हणजे नऊ-दहा किलोमीटर रिकामं यायचं नाहीतर स्टँडला लागून पुढच्या गाडीची वाट बघायची. मामा सरळ रिकामे परत येतात, म्हणतात आठला इंदिरानगरात शाळा-क्लास-हॉस्पिटलचं सुरू होतं, तिथे उभं राहून ते घालवू का.

रात्री बरोबर उलटं. मुंबईहून पंचवटी साडेनऊच्या पुढे येते, उतरणारे शेकड्यानं, पण गाडी तिथे आधी रिकामी न्यावी लागते. तेव्हा मोजताना प्रश्न पडला की रिकामा वेळ कोणाच्या खात्यात टाकायचा, आधीच्या ड्रॉपच्या की पुढच्या पिकअपच्या? सकाळी नाशिकरोड सोडून रिकामं येणं हे स्टेशनच्या ड्रॉपमुळे झालं हे उघड आहे. रात्री मात्र मामा मुद्दाम रिकामे गेले, स्वतः ठरवून. शेवटी दोन कॉलम केले, "ड्रॉपनंतर अडकला" आणि "पिकअपसाठी गेला", आणि कुठलं ते मामांना विचारून भरतोय. शिकागोत असं विचारायला कोणी नव्हतं.

सातपूरचं पण लिहून ठेवते. संध्याकाळी शिफ्ट सुटली की तिकडून गावाकडे गर्दी, तिकडे जाणारं कोणी नाही. त्र्यंबक रोडनं रिकामं जायचं, भरून यायचं. मीटरवाल्या मापात हे जास्तीत जास्त निम्मं भरणार, ड्रायव्हर कितीही हुशार असला तरी.

२३ जुलै, बुधवार

पाऊस. दोन दिवस नुसतं धो धो. पाऊस आला की रिक्षा मिळत नाही हे तर सगळ्यांना माहितीये, आणि सगळे म्हणतात रिक्षावाले अशा वेळी मजा मारतात. शीट बघितली तर मामांची ट्रिप दर ट्रिप कमाई वाढलीय पण तासाची जवळपास तशीच. कारण साधं आहे, गाडी भरलेली आहे पण हलतच नाही. गोदावरीला पाणी आलं, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत आलं की छातीपर्यंत याच्या गावभर गप्पा सुरू झाल्या, की रामकुंडाकडचे खालचे रस्ते बंद होतात आणि पंचवटीची सगळी गर्दी वरच्या पुलांवर येते. मामांचं कॉलेज रोड ते पंचवटी हे एरवी वीस मिनिटांचं काम, त्या दिवशी पाऊण तास सहज गेला, नोटमध्ये मागे वायपरचा आवाज आणि मामा म्हणतायत "बाई आत झोपल्या, अजून अशोक स्तंभच आहे".

वाचताना कळलं की न्यूयॉर्कला पण हेच सापडलंय. फार्बर नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं २००९ ते २०१३ चा डेटा घेऊन बघितलं, पावसात ड्रायव्हरची तासाची कमाई काही खास वाढत नाही, आणि रस्त्यावर गाड्या उलट कमी असतात. म्हणजे मागणी वाढते, गाड्या कमी होतात आणि आहेत त्या ट्रॅफिकमध्ये अडकतात.

तर इथेच मॅडमच्या मापाचा प्रॉब्लेम झाला. पावसात "भरलेला वेळ" मस्त वर गेलाय. आकड्यानं बघितलं तर आतापर्यंतचा सगळ्यात कार्यक्षम दिवस हाच ठरेल, ज्या दिवशी पॅसेंजर वैतागले, मामा वैतागले आणि गॅस नुसता उभ्या उभ्या जळाला.

२८ जुलै, सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. मामा पहाटेच त्र्यंबकला. पार्टी आतमध्ये दर्शनाच्या रांगेत, गाडी बाहेर उभी, वेटिंगचे पैसे चालू. हा वेळ भरलेला की रिकामा? गाडीत माणूस नाही, पण गाडी बुक आहे आणि पैसे मिळतायत. आम्ही भरलेला धरला. पार्टनरला नाही पटलं, तिचं म्हणणं ती गाडी त्या वेळात दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची नाही म्हणजे शहराच्या दृष्टीनं वायाच. ते पण खरंय. तिसरा रंग दिला, "वेटिंग".

२ ऑगस्ट, शनिवार

आज खूप काम झालं, मुख्य म्हणजे दोन मापं एकमेकांच्या विरोधात जातात हे स्वच्छ दिसलं.

क्रूगर आणि क्रेमर या दोघांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या काही शहरांचा हिशोब मांडलेला, की उबरएक्सचे ड्रायव्हर टॅक्सीवाल्यांपेक्षा वेळेच्या मापानं सरासरी ३० टक्के आणि मैलांच्या मापानं ५० टक्के जास्त भरलेले असतात. कारणं दिलीत ती ओळखीची, ॲप जवळची गाडी जोडून देतं, गाड्या जास्त म्हणून जवळ सापडतात, ड्रायव्हर गर्दीच्या वेळी येतो आणि मंदीत घरी जातो, आणि टॅक्सीचे जुने नियम आडवे येतात. मला अडकवलं ते वेगळ्याच गोष्टीनं, वेळ आणि मैल असे दोन आकडे का दिलेत?

नाशिकरोडचा स्टँड घ्या. रांगेत लागलेली रिक्षा तासभर हलत नाही. वेळेनं बघितलं तर अगदीच वाया. पण किलोमीटरनं बघितलं तर एक थेंब गॅस न जाळता तिला लांबचं भाडं मिळतं, एकही किलोमीटर रिकामा नाही. लग्नातल्या पंगतीसारखं आहे, आधीचे उठल्याशिवाय तुमचं पान वाढत नाही, पण वाढलं की पोटभर. याउलट ॲपवाला तीन किलोमीटर लांबून पॅसेंजर घ्यायला येतो, त्याचा उभं राहण्याचा वेळ कमी होतो, रिकामे किलोमीटर मात्र वाढत जातात, आणि पिकअपला यायच्या किलोमीटरचे त्याला बहुतेक वेळा वेगळे पैसे नसतात.

मामा आधी ॲपवर जास्त असायचे, आता कमी. मी विचारलं तर म्हणाले, सीएनजीच्या लाईनीत उभं राहायला लागतं तेव्हा कळतं रिकामं किती फिरलो ते. पंपावर रांग मोठी असली की तासभर जातो, तो तास शीटमध्ये कुठे टाकायचा याचा आम्ही विचारच केला नव्हता. टाकला. आता प्रत्येक रिकाम्या किलोमीटरला थोडा रांगेचा वेळ पण चिकटतो.

शेअर रिक्षाचं आज जमलं तेवढं मांडलं. अण्णांची रिक्षा आकड्यात जवळपास परफेक्ट, कारण सीट भरल्याशिवाय ती निमाणीवरून हलतच नाही. परमिट तीन सीटचं, प्रत्यक्षात किती ते लिहीत नाही. पण मग रिकामा वेळ गेला कुठे? तो आधी येऊन बसलेल्या पॅसेंजरच्या खात्यात गेला, जो मागच्या सीटवर पंधरा मिनिटं "चला ना अण्णा" करत बसलाय. ड्रायव्हरचा रिकामेपणा पॅसेंजरवर ढकलला की ड्रायव्हर कार्यक्षम. हे रिपोर्टमध्ये असंच लिहायचंय, मॅडम भाषा बदलायला लावतील ती लावतील.

६ ऑगस्ट, बुधवार

न्यूयॉर्कला परत गेले, पण ट्रिपांसाठी नाही, एका नियमासाठी. फेब्रुवारी २०१९ पासून तिथे मोठ्या ॲप कंपन्यांना ड्रायव्हरला प्रत्येक ट्रिपमागे ठरलेले किमान पैसे द्यावे लागतात आणि त्या सूत्रात रिकामा वेळ घातलेला आहे. मैलाचा आणि मिनिटाचा दर घेतात आणि त्याला भरलेल्या वेळेच्या प्रमाणानं भागतात. सुरुवातीला ते प्रमाण ५८ टक्के धरलेलं. म्हणजे गाड्या जितक्या रिकाम्या, तितका भागाकार मोठा, तितके प्रत्येक ट्रिपला पैसे जास्त. रस्त्यावर वाटेल तेवढ्या गाड्या सोडून मोकळं व्हायचं, ते आता कंपनीला महाग पडणार.

मामांना समजावून सांगितलं तर दोन मिनिटं गप्पच. मग म्हणाले, म्हणजे आपण रिकामे फिरतो त्याचा पण हिशोब? हो. म्हटलं पण पुढचं पण ऐका, कंपन्यांनी तोड काढली, २०१९ मध्ये आणि परत २०२४ मध्ये मंदीच्या वेळी ड्रायव्हरना ॲपवर लॉगिनच होऊ देईनात. गाडी लॉगिन नाही म्हणजे रिकामी मोजली जात नाही, प्रमाण आपोआप चांगलं. मामा म्हणाले, हं, हे मला वाटलंच.

यामुळे आमच्याही व्याख्येला धक्का बसलाय. मामा दुपारी दोन ते चार घरी जेवून पडतात, तो वेळ आम्ही मोजतच नाही. पण ते झोप आली म्हणून घरी जातात की भाडं नाही म्हणून? विचारलं. भाडं असतं तर कोण झोपलं असतं, असं उत्तर आलं. दुपारचा तो पट्टा आता चार्टवर फिकट करून दाखवतोय, कोरा नाही ठेवत.

१२ ऑगस्ट, मंगळवार

काल तिसरा श्रावणी सोमवार, ब्रह्मगिरी प्रदक्षिणेचा. आदल्या रात्रीपासूनच त्र्यंबक रोडवर माणसंच माणसं, पायी जाणारे, एसटीच्या जादा गाड्या. मला वाटलेलं टॅक्सीवाल्यांची चांदी. मामा गेलेच नाहीत. या दिवशी खासगी गाड्या त्र्यंबकच्या बऱ्याच अलीकडे अडवतात, पुढे एसटीनं जा. मग टॅक्सी कोण कशाला करेल, आणि केली तरी परत येताना गर्दीतून गाडी निघायला किती वेळ लागेल याचा नेम नाही. मामांनी त्या दिवशी नाशिकरोड ते सीबीएस केलं, बाहेरगावच्या लोकांना एसटीपर्यंत आणून सोडायचं आणि लगेच परत. छोटी भाडी, दोन्ही बाजूंना भरलेली. रात्री आलेले आणि सकाळी परत जाणारे एकाच वेळी रस्त्यावर असतात त्यामुळे येताना पण पॅसेंजर. पूर्ण शीटमध्ये दोन्ही मापांवर एकदम चांगला निघालेला दिवस हाच.

याच्यावरून स्टँडचा विषय निघाला, लिहून ठेवते. एका स्टँडवर, कुठला ते सोडा, मामा पॅसेंजर सोडून तिथलंच भाडं उचलायला गेले तर तिथल्या मंडळींनी गाडीला गराडाच घातला. इथे फक्त सोडायचं, उचलायचं नाही. न्यूयॉर्कच्या हिरव्या टॅक्सींना हे कायद्यानंच आहे, २०१३ मध्ये बाहेरच्या भागांसाठी त्या सुरू केल्या, मॅनहॅटनच्या गर्दीच्या भागात पॅसेंजर सोडायला परवानगी पण तिथे रस्त्यावरून हात दाखवणारा उचलायचा नाही, तिथे हक्क पिवळ्यांचा. म्हणजे बहुतेक वेळा परत येताना रिकामं, ते पण शहरातल्या सगळ्यात जास्त टॅक्सी लागणाऱ्या जागेतून. आपल्याकडे तो नियम कुठे लिहिलेला नाही एवढाच फरक. नकाशात अशा जागांना वेगळी खूण केलीय.

१७ ऑगस्ट, रविवार

सुट्ट्यांचा आठवडा संपला, पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आल्यामुळे मुंबईची निम्मी जनता गंगापूर धरणाकडे आणि वायनरीला. दुपारी जाताना स्वतःच्या गाडीनं, संध्याकाळी परतताना टॅक्सी शोधतात, का ते सांगायला नको.

आज टार्गेटचा प्रश्न घेतला. १९९७ मध्ये कॅमेरर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलं की न्यूयॉर्कचे टॅक्सीवाले रोजचं एक टार्गेट ठेवतात, धंदा चांगला झाला की लवकर घरी जातात, म्हणजे नेमकं जेव्हा जास्त मिळतंय तेव्हा कमी काम. फार्बरनं नंतर मोठा डेटा घेऊन ते बऱ्यापैकी खोडलं. मला वाटत होतं मामा कॅमेररवाले असणार, कारण दोन हजाराचा धंदा झाला की बास असं ते कायम म्हणतात.

शीट वेगळं सांगते. चांगल्या दिवशी मामा लवकर घरी जात नाहीत, उलट रात्रीच्या पंचवटी एक्स्प्रेसपर्यंत थांबतात. लवकर जातात ते वाईट दिवशी. आणि महिन्याचे पहिले पाच-सहा दिवस काहीही झालं तरी उशिरापर्यंत, कारण गाडीचा हप्ता. मामी म्हणाल्या यासाठी एवढा कॉम्प्युटर कशाला लागतो, मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. एका माणसाच्या शीटवरून सिद्ध काहीच होत नाही, तसं स्पष्ट लिहिणारे, पण मामींचं वाक्य पण घालायचा विचार आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

नकाशा तयार. एरवी बहुतेक नकाशे पिकअपचे असतात, कुठे मागणी जास्त ते लाल. आम्ही ड्रॉपचा केलाय. रंग असा की त्या विभागात पॅसेंजर उतरवल्यावर पुढचा पॅसेंजर बसेपर्यंत साधारण किती वेळ आणि किती किलोमीटर गेले. आणि एकाच विभागाचे तीन-चार नकाशे, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र.

कॉलेज रोड संध्याकाळी हिरवागार, क्लास सुटतात, हॉटेलं भरतात, उतरवलं की दुसरा दरवाजा उघडूनच उभा. तोच कॉलेज रोड सकाळी सहाला कामाचा नाही. देवळाली कॅम्प-भगूर दिवसभर लाल, तिथून येणारे शेअर रिक्षानं नाशिकरोडला येतात, टॅक्सी कोणी करत नाही. सीबीएस-मेन रोड वेळेनं मधला आणि किलोमीटरनं छान, पार्किंग मिळालं तर. ओझरचं विमानतळ पूर्णपणे विमानाच्या वेळेवर, मोजकीच विमानं, एखादं उतरायच्या अर्धा तास आधी ड्रॉप पडला तर सोनं, नाहीतर वीस-बावीस किलोमीटर हायवेनं रिकामं.

मॅडमना उदाहरण हवं होतं म्हणून हे टाकलंय. समजा कॉलेज रोडवरून ओझर ६०० रुपये, जायला पाऊण तास. दिसायला तासाला ८००. रिकामं परत यायला पाऊण तास धरला की ४००. आणि कॉलेज रोडवरच संध्याकाळी १०० रुपयांचं भाडं पंधरा मिनिटांत, मध्ये पाच मिनिटं रिकामी, तर तासाला ३००. अजूनही ओझरच पुढे. पण ओझरच्या फेरीत पंचेचाळीस किलोमीटर गाडी पळाली, इथे फार तर बारा-पंधरा. गॅस, रांग आणि टायर धरले की दोन्ही जवळजवळ सारखे होतात, आणि विमान लेट झालं तर ओझर मागे पडतं. मामा हा हिशोब मनात करतात, एअरपोर्टची ड्युटी पडली की आधी विचारतात "कितीचं विमान?" आम्हाला वाटायचं पॅसेंजरची काळजी.

मॅडमचं म्हणणं, एका गाडीवर आणि एका रिक्षावर शहराचा नकाशा म्हणू नका. म्हणून नाव बदललं, "एका टॅक्सीच्या नजरेतून नाशिक". पद्धत शिकागोच्या डेटावर पूर्ण चालवून दाखवायची आणि नाशिक हे तिचं छोटं उदाहरण म्हणून, असं ठरलं. सिटीलिंकच्या बसेस जिथे दर काही मिनिटांनी आहेत तिथे ड्रॉपनंतरचा रिकामा वेळ वाढतो का, हे पण बघायचं होतं, २०२१ ला बस सुरू व्हायच्या आधीची कुठलीच शीट नाही म्हणून तो भाग काढून टाकला.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती बसतायत. आजच मेन रोड आणि रविवार कारंजाला गाडी घालायची सोय नाही, मूर्ती घेऊन जाणाऱ्यांना मात्र टेम्पो नाहीतर रिक्षा लागतेच, आणि मूर्ती असली की अण्णा दुसरी सीट घेत नाहीत, पैसे पण पूर्ण रिक्षाचे. ती ट्रिप "भरलेली" धरली.

हे दहा दिवस मुख्य टेबलात घ्यायचे नाहीत असं दोघींचं ठरलं, संध्याकाळी देखावे बघायला गाव बाहेर पडतं, रस्ते बंद, सगळे आकडे बिघडतील. विसर्जनाच्या दिवशी तर वाकडी बारवपासून रामकुंडापर्यंत मिरवणूक, पंचवटी आणि गाव यांच्यात गाडी जातच नाही. मामा त्या दिवशी फक्त इंदिरानगर ते नाशिकरोड करणार म्हणाले. व्हॉइस नोट्स चालू ठेवायला सांगितल्यात, वेगळ्या शीटमध्ये भरू. शिकागोचं कोड साफ करून कमेंट टाकायच्या बाकी आहेत, ते माझ्याकडे. नकाशाचे रंग प्रिंटमध्ये सारखेच दिसतायत, ते पार्टनर बघतेय. व्याख्यांचं प्रकरण शुक्रवारपर्यंत मॅडमना द्यायचंय, त्यात वेटिंग, गॅसची रांग आणि दुपारची झोप या तिन्हींना नाव काय द्यायचं एवढंच राहिलंय.